जुन्या फायबर बोटीवरचं ठिगळ लपत नाही: शेड कुठे फसते आणि कशी धरायची

तक्रार नेहमी जवळपास याच शब्दांत येते: "दुकानात शेड बरोबर जुळली होती, बोटीवर मारली आणि ठिगळ लांबून दिसायला लागलं." बोट तलावातली पायडलची असो, पुराच्या कामातली नारिंगी असो, नाहीतर मालवणातून ट्रेलरवर घाट चढून कोल्हापुरात डागडुजीला आलेली पंधरा फुटी शिडाची असो. मग पुन्हा दुकान, पुन्हा दोन थेंब पिवळा, पुन्हा एक कोट. तिसऱ्या खेपेला ठिगळाभोवती ठिगळ तयार होतं आणि बोटवाला वैतागून म्हणतो, सगळीच रंगवून टाका.

कधी कधी सगळी बाजू रंगवायची वेळ खरंच आलेली असते; ते पुढे आहेच. पण बहुतेक वेळा रंग मिसळणाऱ्याचा हात चुकलेला नसतो, त्याला जुळवायला दिलेली जागा चुकीची असते. वीस वर्षं उन्हात उभ्या असलेल्या बोटीवर एक पांढरा नसतो, तीन असतात. त्यातला कुठला धरायचा हे ठरल्याशिवाय डबा उघडू नका.

आधी पाणी मारून बघा

ठिगळ आणि त्याच्या शेजारचा भाग, दोन्हींवर स्पंजनं पाणी फिरवा आणि ओलं असतानाच चार पावलं मागे जाऊन बघा. ओल्यात दोन्ही एक दिसले आणि वाळल्यावर फरक परत आला, तर रंग जुळलेला आहे; फरक चकाकीचा आहे. मंद पडलेला पृष्ठभाग उजेड चारी बाजूंना उधळतो, म्हणून तोच रंग फिका दिसतो. पाण्याचा थर ती उधळण तेवढ्यापुरती थांबवतो. अशा वेळी शेडला हात लावायचा नाही. जुना भाग पाणी पेपरनं घासून, कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) मारून वर आणायचा.

निळ्या आणि लाल बोटींवर हे सर्वांत जास्त होतं. गडद जेलकोट, म्हणजे फायबरच्या अंगावरचा रंगीत रेझिनचा बाहेरचा थर, उन्हानं खडूसारखा पांढुरका पडतो, आणि तो पांढुरका निळाच कुणीतरी हौसेनं डब्यात तयार करून आणतो. त्या दिवशी जुळतं. पुढे कधीतरी बोटीला पॉलिश झालं की शेजारचा भाग गडद होतो आणि ठिगळ दुधाळ राहतं.

ओल्यातही फरक दिसला, तर मात्र रंग वेगळाच आहे.

बोटीवर आहे काय: जेलकोट की वरून मारलेला रंग

पांढऱ्या सुती फडक्यावर ॲसिटोन घेऊन एका कोपऱ्यात वीस-पंचवीस वेळा जोरानं घासा. रंग मऊ होऊन फडक्यावर आला, तर तो साधा इनॅमल किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आहे. त्यावर पीयू, म्हणजे बेस आणि हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, मारलात तर पीयूचा थिनर खालचा थर उचलतो आणि कडेला सुरकुत्या येतात. तो सगळा काढावाच लागेल, इथं शॉर्टकट नाही. फडक्यावर नुसती पांढरी भुकटी आली आणि खालचा पृष्ठभाग कडक राहिला, तर तो जेलकोट किंवा दोन भागांचा पीयू. या दोघांतला फरक घासून कळतो: ४०० नंबरच्या पेपरनं एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा उतरती घासा. कडेनं झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसली तर वरून रंग मारलेला आहे. एकच रंग खोलवर जात राहिला आणि घासताना रेझिनचा वास आला तर जेलकोट.

कारखान्यातून आलेला जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि जुन्या बोटीवर आधीच्या पॉलिशनं तो आणखी पातळ झालेला असतो. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आणि कोपऱ्यांवर सर्वांत पातळ. घासता घासता खालून काचेच्या मॅटचे धागे किंवा हिरवट-तपकिरी सावली दिसायला लागली की थांबा. आता तिथं नुसतं पॉलिश चालणार नाही, जेलकोट भरावा लागेल.

तीन पांढरे

पहिला पांढरा म्हणजे वरची भुकटी. दुसरा म्हणजे ती भुकटी काढून पॉलिश केल्यावर दिसणारा, उन्हानं थोडा पिवळा किंवा करडा पडलेला जेलकोट. तिसरा, डेकवरच्या क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली), हॅचच्या (डेकमधल्या दाराच्या) झाकणाच्या आतल्या कडेला किंवा बाजूच्या रबरी पट्टीखाली लपलेला, कधीच ऊन न लागलेला.

ठिगळासाठी धरायचा तो दुसरा. दुकानात बहुधा पहिला नेला जातो, नाहीतर हुशारीनं तिसरा. क्लीट खोलून "हा बघा कंपनीचा मूळ रंग" म्हणून त्यावरून काढलेली शेड ठिगळावर नव्या दातासारखी चमकते. मूळ रंगाचा कोड सापडला तरी तेच. तो कोड पूर्ण बोट रंगवायला उपयोगी, एक हातभर ठिगळाला नाही. तिसऱ्या पांढऱ्याचा एकच फायदा: मूळ रंग उबदार होता की थंड, हे त्यावरून कळतं आणि टिंटर (छटा देणारी रंगीत पेस्ट) निवडायला दिशा मिळते.

दुसरा पांढरा बाहेर काढायचा असा. ठिगळाच्या जागेला लागून एक फूट गुणिले एक फूट भाग साबणाच्या पाण्यानं धुवा. पाण्याच्या रेषेजवळचे पिवळे-तपकिरी डाग आणि स्टीलच्या फिटिंगखाली ओघळलेला गंज हा रंग नव्हे, तो डाग आहे. त्याच्याशी शेड जुळवू नका. फरशी पॉलिशवाले वापरतात ते ऑक्झॅलिक ॲसिड, एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, ब्रशनं लावून दहा मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. हातमोजे आणि चष्मा घालून. मग मेण आणि सिलिकॉन काढा: एका फडक्यानं ॲसिटोन लावायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसायचं. एकाच फडक्यानं काम केलं तर मेण फक्त जागा बदलतं. पाणी मारल्यावर थेंब गोळा न होता सपाट पसरलं म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ. आता १०००, १५००, २००० नंबरचा पाणी पेपर, मग कंपाउंड आणि बफ. मशीन मंद ठेवा, एका जागी दाबून धरू नका. जेलकोट तापला की पिवळा पडतो.

घासून उघडलेली ही चौकोनी खिडकी ठिगळाच्याच बाजूला काढायची, हेही महत्त्वाचं. कोल्हापूरच्या अक्षांशावर वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. बोट वर्षानुवर्षं एकाच तोंडानं उभी असेल तर तिच्या दोन बाजू दोन रंगांच्या झालेल्या असतात. डेकवर ऊन सरळ पडतं, म्हणून तो बाजूंपेक्षा जास्त गेलेला. डाव्या बाजूची शेड उजवीकडे वापरू नका, डेकची तर नकोच.

कुठल्या उजेडात बघायचं

मोकळ्या आकाशाखाली, पण सरळ उन्हात नाही: सकाळी दहा ते दुपारी चार, इमारतीच्या उत्तरेच्या सावलीत. पत्र्याच्या छपरात उजेडासाठी बसवलेले हिरवे किंवा निळे फायबरचे पत्रे, हिरवं शेडनेट, शेजारची विटांची भिंत, अंगातला भडक शर्ट, हे सगळं पांढऱ्यावर सांडतं. नेटखाली जुळवलेला पांढरा बाहेर आणला की गुलाबी दिसतो, कारण हिरव्या उजेडात डोळ्यांनी लाल वाढवून घेतलेला असतो.

सावलीत जुळतं आणि एलईडी ट्यूबखाली वेगळं दिसतं, ही तक्रार निराळी. तिथं दोन्ही पांढरे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात. एका उजेडात त्यांचा मेळ बसतो, दुसऱ्यात सुटतो. जुन्या बोटीचा पिवळेपणा बहुधा पिवळ्या ऑक्साइडचा आणि म्हाताऱ्या रेझिनचा असतो. त्याची नक्कल लिंबासारख्या भडक पिवळ्यानं केली की हे हमखास होतं. टिंटर बदला, प्रमाण बदलून काही होणार नाही. नमुना उत्तरेच्या सावलीत, सरळ उन्हात आणि ट्यूबखाली, तिन्ही ठिकाणी बघा. तिन्हींत जुळला नाही तर उन्हात जुळणारा निवडा. बोट तिथंच असते.

मिसळणं

सुरुवातीलाच साहित्याची एक चूक टाळा. हार्डवेअरच्या दुकानात भिंतीच्या रंगासाठी मिळणारा बाटलीतला स्टेनर जेलकोटमध्ये घालू नका. त्यातल्या पाण्यानं आणि ग्लायकॉलनं जेलकोट नीट पिकत नाही, मऊ राहतो. पॉलिएस्टरसाठीची पिगमेंट पेस्टच घ्या: पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा, एवढ्या तिघांत बहुतेक जुने पांढरे निघतात. पांढरा जेलकोट आयसोफ्थॅलिक जातीचा मागा. साधा ऑर्थो उन्हात लवकर पिवळा पडतो आणि वर्षभरात ठिगळ परत उठतं.

कोबाल्टही विचारून घ्या; जेलकोट पिकवणाऱ्या कॅटलिस्टला तो जोर देतो. रेझिनच्या दुकानात कोबाल्ट अनेकदा वेगळ्या बाटलीत मिळतो. तो जांभळा असतो आणि जास्त पडला की पांढऱ्यावर आपली झाक सोडतो. शक्यतो कोबाल्ट आधीच घातलेला जेलकोट आणा. वेगळाच असेल तर तो आधी जेलकोटमध्ये पूर्ण ढवळा, कॅटलिस्ट नंतर. कोबाल्ट आणि कॅटलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्ही बाटल्या एका खणात ठेवू नका.

तराजू ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) सोनार वापरतात तसला खिशातला चालतो. किराणा तराजूवर हे काम होत नाही, कारण खेळ दशांश ग्रॅमचा आहे.

पांढऱ्याची दिशा शब्दांत धरायची तर दूध डोळ्यांसमोर आणा. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध आणि शेजारी गाईचं. म्हशीचं पांढरंशुभ्र, गाईचं पिवळसर. जुनी बोट बहुधा गाईच्या दुधात चिमूटभर राख पडल्यासारखी असते: पिवळट, आणि किंचित मळकी. नवशिके फक्त पिवळा घालत राहतात. रंग पिवळा होत जातो पण जुना होत नाही, कारण त्याला काळा हवा असतो.

पण काळी पेस्ट सरळ डब्यात घालू नका. एक ग्रॅम काळा नऊ ग्रॅम पांढऱ्या जेलकोटमध्ये मिसळून वेगळी डबी करा आणि त्यातून घ्या. लाल ऑक्साइडचंही तसंच. मग १०० ग्रॅम पांढऱ्या जेलकोटला पिवळा ऑक्साइड ०.२० ग्रॅम, पातळ केलेला काळा ०.३० ग्रॅम, पातळ केलेला लाल ०.२० ग्रॅम, इथून सुरुवात. हे सूत्र नाही, उभं राहायची जागा आहे. प्रत्येक पेस्टची ताकद वेगळी असते.

पुढची प्रत्येक भर आधीच्या भरीच्या निम्मी ठेवा, दोन मिनिटं तळ खरवडत ढवळा आणि वहीत लिहा. आधी उजळ-गडद जुळवा, मग पिवळा-निळा, शेवटी लाल-हिरवा. हिरवट वाटला तर लालचा थेंब. पिवळा आणि काळा एकत्र आले की हिरवट झाक येतेच, म्हणून लाल हाताशी लागतो. गडद झाला तर पांढरा ओतून मागे येता येतं, पण ३० ग्रॅम रंगातली चूक दुरुस्त करायला कधी कधी अर्धा किलो पांढरा जातो. सगळी पेस्ट मिळून जेलकोटच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका, नाहीतर पिकण्यावर परिणाम होतो. पांढऱ्यात एवढी लागत नाही. निळ्या-लालात माणसं तिथं पोचतात.

कॅटलिस्ट घालण्याआधी एक स्वस्त परीक्षा आहे. बोटाएवढा थेंब पॉलिश केलेल्या खिडकीवर लावा, सपाट पसरा, आणि राखाडी पुठ्ठ्याला एक सेंटिमीटरचं भोक पाडून ते भोक थेंबाच्या कडेवर ठेवा. भोकात अर्धा जुना रंग, अर्धा नवा. आजूबाजूचं सगळं झाकलं गेल्यानं डोळा फसत नाही. मधली रेष शोधावी लागली म्हणजे जवळ आलात. ती चटकन दिसली तर कुठल्या बाजूला जायचं तेही तिथंच कळतं. मग थेंब ॲसिटोननं पुसून टाका, न पिकलेला जेलकोट निघून जातो.

पिकलेल्या नमुन्याशिवाय बोटीला हात नाही

डब्यातला ओला रंग म्हणजे पुरावा नव्हे. पीयू वाळल्यावर बहुधा थोडा गडद होतो. जेलकोटची झाक कॅटलिस्टनं आणि पिकण्यानं हलते. म्हणून पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आखून त्यावर जाड पारदर्शक फिल्म चिकटवा आणि नमुना त्यावर मारा. पट्ट्या आरपार दिसेनाशा झाल्या म्हणजे जाडी पुरेशी. पातळ नमुन्यातून खालचा रंग डोकावतो आणि तुम्ही शेडला दोष देता. नमुना दुसऱ्या दिवशी घासून, पॉलिश करून, मग खिडकीला भिडवून बघा. मध्ये फट ठेवली तर फटीची सावलीच फरकासारखी दिसते.

मोटारींचे रंग मिसळणाऱ्या दुकानातल्या शेड वाचायच्या यंत्राची मदत जरूर घ्या, पण त्याला पॉलिश केलेला सपाट तुकडा द्या. सुटं निघणारं हॅचचं झाकण उत्तम, मात्र ते ठिगळाइतकंच उन्हात राहिलेलं हवं. चार-पाच जागी वाचायला सांगा. भुकटीवर यंत्र ठेवलं तर ते इमानदारीनं भुकटीचा रंग सांगतं.

जेलकोटचं ठिगळ

एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा कमी मिसळू नका. २० ग्रॅमला कॅटलिस्टचे जेमतेम सात-आठ थेंब लागतात, त्यात दोन थेंबांची चूक म्हणजे पिकण्याचा सत्यानाश. एमईकेपी कॅटलिस्ट १.५ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला १.५ ग्रॅम, सुईशिवायच्या सिरिंजनं सुमारे १.३ मिली. एप्रिल-मेच्या दुपारी १ टक्क्यावर या, पण त्याखाली नाही. लवकर पिकावा म्हणून ३ टक्के घालणारे भेटतात; तो जेलकोट लवकर पिकतो, ठिसूळ होतो आणि पिवळाही पडतो. ३० अंशांच्या आसपास हातात दहा ते वीस मिनिटं असतात. कॅटलिस्ट डोळ्यांत गेला तर कायमची इजा होते, त्यामुळे चष्मा हवाच.

खालची दुरुस्ती इपॉक्सीनं केली असेल तर त्यावर पॉलिएस्टर जेलकोट नीट धरत नाही, खालून चिकट राहतो. जेलकोट परत लावायचा असेल तर दुरुस्ती पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टरनं करा. इपॉक्सी झालीच असेल तर वरून पीयूच.

जागेच्या कडा ८० नंबरनं उतरत्या करा, जेलकोट शेजारपेक्षा अर्धा मिलिमीटर वर राहील असा भरा आणि त्यावर पारदर्शक फिल्म हवेचे फुगे काढत दाबून टेपनं बसवा. जेलकोटचा वरचा थर हवेत चिकट राहतो, हवेचा संबंध तुटला की पिकतो. फिल्म बसत नसेल अशा वाकड्या जागी जेलकोटमध्ये मेणाचं द्रावण घाला, पण शेवटच्याच थरात. मेण वर येऊन बसतं आणि पुढचा थर त्यावर धरत नाही. चोवीस तासांनी लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून ३२०, ६००, १०००, १५००, २०००, मग कंपाउंड. बोटांनी घासलं तर ठिगळाभोवती खळगा पडतो, आणि तो खळगा उजेडात कड्यासारखा दिसतो. रंग जुळूनही "गोल दिसतंय" अशी तक्रार येते ती याची.

डेकवरच्या न घसरणाऱ्या खरबरीत नक्षीत ठिगळ बसवणं हे सर्वांत कठीण. शेजारच्या चांगल्या भागाचा सिलिकॉन रबरचा ठसा घेऊन तो ओल्या जेलकोटवर दाबतात. तेवढी हौस नसेल तर नक्षीचा तो चौकोन पूर्ण वेगळ्या, मुद्दाम गडद रंगात करा. चुकलेल्या पांढऱ्यापेक्षा ठरवून केलेला राखाडी कधीही बरा.

पूर्ण बाजू पीयूनं मारायची असेल तर

ठिगळं तीन-चार झाली, किंवा जेलकोट घासून संपला, की बाजू पूर्ण करा. बाजूच्या मध्येच पीयू विरवण्याचा मोटारवाल्यांचा प्रकार जुन्या जेलकोटवर टिकत नाही. विरलेली कड पहिल्या काही पॉलिशमध्ये उघडी पडते. रंग संपवायचा तो नैसर्गिक कडेवर: रबरी पट्टी, बोटीच्या अंगाची धारदार घडी, पाण्याच्या रेषेची पट्टी, मागच्या फळीचा कोपरा. कोपऱ्यापलीकडे उजेडाचा कोन बदलतो, त्यामुळे तिथं अर्धी छटा इकडेतिकडे झाली तरी डोळा ती पकडत नाही. शेड जुळवण्यात चार दिवस घालवण्यापेक्षा जोड कुठे येईल यावर अर्धा तास घालवा.

पंधरा फुटी बोटीच्या दोन्ही बाजू आणि मागची फळी मिळून साधारण ५ चौरस मीटर. गनमधून उडून जाणारा धरून एका लिटरमध्ये एका कोटाला ७ चौरस मीटर निघतात, म्हणजे तीन कोटांना सव्वादोन लिटर. डब्यावर ४ भागाला १ हार्डनर असं प्रमाण असेल तर बेस २.२ लिटर घ्या आणि सगळा एकाच भांड्यात ओतून एकजीव करा. दोन डबे वेगवेगळे मिसळले की उजवी आणि डावी बाजू वेगळी होते. त्यातला २०० मिली बाजूला काढा, उरलेल्या दोन लिटरला अर्धा लिटर हार्डनर, तोही गनमध्ये लागेल तेवढाच थोडा थोडा. प्रमाण डब्यावर दिलं असेल तेच, ४:१ सगळ्यांचं नसतं.

थिनर त्याच कंपनीचा पीयू थिनर. एनसी थिनरमधलं अल्कोहोल हार्डनर खाऊन टाकतं. रंग मऊ राहतो, चकाकी जाते, आणि चकाकी गेली की शेड फिकी दिसते. मग लोक परत रंग जुळवायला निघतात!

खाली इपॉक्सी प्रायमर, आणि तो पूर्ण बाजूला एकसारखा. लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी करडा, बाकी पांढरा, असं केलं तर ऑफ-व्हाइटमधून ती जागा सावलीसारखी दिसते. प्रायमर ३२० नंतर ४०० नं घासा. गनचं नोझल १.३ किंवा १.४ मिमी, गनपाशी हवा सुमारे २ बार. पहिला कोट हलका, नंतरचे दोन भरीव, मध्ये १५ मिनिटं. पहिल्याच कोटात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडले तर मेण किंवा सिलिकॉन राहिलंय. वरून आणखी रंग ओतून ते बुजत नाहीत. वाळू द्या, घासा, पुन्हा दोन फडक्यांनी पुसा.

पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना कायमचा दम्याचा त्रास लावू शकतं. तोंडाला रुमाल किंवा कागदी मास्क म्हणजे काहीच नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क सर्वांत चांगला. तो नसेल तर निदान सेंद्रिय वाफांचा नवा कार्ट्रिज, वर धुळीचा फिल्टर, आणि आजूबाजूला दुसरं कुणी नको.

कोल्हापूरची हवा

जून ते सप्टेंबर उघड्यावर पीयू नाहीच. हवेतल्या ओलाव्याशी हार्डनरची प्रक्रिया होते, फुगे येतात आणि चकाकी मरते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दव बघा: बोट पूर्ण कोरडी होईपर्यंत, म्हणजे दहा-अकरापर्यंत थांबा आणि दोनच्या आत शेवटचा कोट संपवा, म्हणजे संध्याकाळची ओल पडायच्या आत वरचा थर धरतो. एप्रिल-मेत सकाळी मारा आणि मंद, म्हणजे सावकाश उडणारा थिनर वापरा. दुपारी वळवाच्या आधी सुटणारं वारं सगळ्या गल्लीची धूळ आणून चिकटवतं.

गळीत हंगामात आणखी एक शत्रू असतो. कारखान्याच्या धुराड्यातली राख आणि शेतात पाचट पेटवल्यावर उडणारी काळी पिसं ओल्या पांढऱ्यावर अलगद उतरतात. ती हातानं उचलू नका. चुरडली की काळा ओरखडा राहतो. वाळू द्या आणि २००० नं घासा. शिरोली किंवा उद्यमनगरात फाउंड्री-ग्राइंडिंगच्या शेजारी काम असेल तर लोखंडाचा कीस बसतो, आठवड्यानं पांढऱ्यावर तपकिरी ठिपके उगवतात आणि शेड बिघडल्यासारखी वाटते. ते गंजाचे ठिपके आहेत, वर सांगितलेल्या ऑक्झॅलिकनं जातात.

पुराच्या कामाची बोट असेल तर सगळं काम मेच्या मध्यापर्यंत संपवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की बोट लागते, आणि पीयू पूर्ण कडक व्हायला आठवडा हवा. अशा बोटीचा भडक फ्लुरोसंट नारिंगी जुळवायच्या नादाला मात्र लागू नका. ते रंगद्रव्य उन्हात झपाट्यानं उडतं, आणि उडालेल्याची नक्कल साध्या टिंटरनं होत नाही. तिथं आरएएल २००४ (आरएएल या रंगांच्या क्रमांक-यादीतला) सारखा साधा नारिंगी पूर्ण बाजूला मारणं हाच व्यवहार.

दोन-तीन आठवड्यांनी उमटणारा डाग

रंग जुळला, बिल झालं, आणि मग ठिगळाच्या मधोमध पिवळट किंवा गुलाबी छाया वर आली, तर गुन्हेगार खालची लांबी आहे. पॉलिएस्टर लांबीत हार्डनरची ट्यूब अंदाजानं पिळली की जास्तीचं पेरॉक्साइड वरच्या पांढऱ्यात झिरपतं. प्रमाण २ ते ३ टक्के, १०० ग्रॅम लांबीला २ ते ३ ग्रॅम, तोलून. डाग वर आला असेल तर नुसता वरून कोट मारून तो पुन्हा येतो. लांबीपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमरचे दोन कोट देऊन ती बंद करा, मग रंग.

बाजूला काढलेला २०० मिली बेस काठोकाठ भरेल अशा लहान डब्यात, झाकण घट्ट करून, सावलीत ठेवा. वहीतलं सूत्र कायम मार्करनं हॅचच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा: तारीख, कंपनी, टिंटरचे ग्रॅम, कोणत्या बाजूवरून शेड घेतली. पुढच्या डागडुजीला जुना हार्डनर वापरू नका. एकदा उघडलेला हार्डनर हवेतली ओल पिऊन दाट होतो. तो नवा आणा, आणि ताज्या पीयूला महिनाभर मेण लावू नका.